दिवा हिरवा, तरी संपर्क नाही

नेटवर्क स्विचच्या पोर्टवर लागणारा हिरवा दिवा फार थोडे सांगतो. केबल शाबूत आहे, पलीकडच्या टोकाला एक चालू यंत्र आहे आणि दोघांनी एकमेकांचे विद्युतसंकेत ओळखले आहेत, एवढीच त्याची ग्वाही. त्या पोर्टमधून निघालेला संदेश जिथे जायला हवा तिथे जातो की नाही, याचा दिव्याला पत्ता नसतो. तरीही कार्यालयातले संगणक अडकले की रॅकपाशी गेलेला माणूस आधी दिवे बघतो, ते हिरवे दिसल्यावर बुचकळ्यात पडतो आणि मग दोनपैकी एक उपाय करतो. एक तर स्विच बंद करून चालू करतो, नाहीतर नवा मागवतो. नगरपालिकेच्या दाखल्यांच्या खिडकीवर, सहकारी बँकेच्या शाखेत किंवा रुग्णालयाच्या केसपेपर काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे ऐकवले जाते, तेव्हा सर्व्हर पुष्कळदा ठणठणीत असतो. वाटेतल्या दोन स्विचांचे आपसात जमलेले नसते. अशा बिघाडांतला एक मोठा गट व्हीलॅनचा आहे. हा बिघाड दिसतो यंत्राचा, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा नोंदीत असते, असे माझे म्हणणे आहे. म्हणून तो कमी करायचा असेल तर तंत्रज्ञाला धारेवर धरून फारसे साधणार नाही. हात घालावा लागेल तो खरेदीच्या कागदांना.

व्हीलॅन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. इथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. एका केबलवर जोडलेल्या सगळ्या यंत्रांनी एकमेकांचे बोलणे ऐकायचे, अशी त्याची मूळ रचना होती. एखाद्या संगणकाला दुसऱ्याचा पत्ता हवा असेल तर तो सगळ्यांना एकदम विचारतो. यंत्रे वीस असतील तोवर हे चालते. दोन हजार झाली की या विचारण्यातच जाळ्याची ताकद खर्च होऊ लागते. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांनी यावर उपाय मांडला. तारा आणि स्विच सामाईक ठेवायचे, पण प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर, ते कोणत्या जाळ्याचे याची खूण घालायची. ही कल्पना पुढे रुजली आणि १९९८मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.१क्यू हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घातला जातो आणि त्यातल्या १२ बिटांत जाळ्याचा क्रमांक असतो. बारा बिटांत ४,०९६ संख्या मावतात. पहिली आणि शेवटची राखीव असल्यामुळे ४,०९४ वेगवेगळी जाळी, म्हणजेच व्हीलॅन, एकाच तारेवरून नेता येतात. जिथे एखादा संगणक किंवा प्रिंटर लावायचा तो अ‍ॅक्सेस पोर्ट. तिथे टॅग नसतो, ‘इथून आलेले सगळे क्रमांक २०चे’ असे स्विचला आधीच सांगून ठेवलेले असते. दोन स्विचांना जोडणारा तो ट्रंक. तिथून अनेक जाळ्यांची वाहतूक आपापले टॅग घेऊन जाते.

पहिला आक्षेप इथेच येतो. एवढा खटाटोप हवाच कशाला? छोट्या संस्थेत सगळे संगणक एकाच जाळ्यात ठेवले तर टॅग नको, ट्रंक नको, बिघाडही नको. तंत्रज्ञ दमला की खरोखरच हा मार्ग धरतो. सगळे पोर्ट क्रमांक १वर आणून ठेवतो, कारण बहुतेक स्विच कारखान्यातून तसेच येतात. लोकांचे काम सुरू होते, तक्रार मिटते. त्याची किंमत काय, हे दिल्लीच्या ‘एम्स’ने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी देशाला दाखवले. त्या दिवशी रुग्णालयाच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला, नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतचे काम हाताने करावे लागले आणि यंत्रणा पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले. पुढे सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात पाच सर्व्हर बाधित झाल्याचे आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध केली गेल्याचे सांगितले. कारण म्हणून जे नमूद केले, ते नेटवर्कच्या सदोष विभागणीचे. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाबद्दल केंद्र सरकारच असे सांगते, तेव्हा विभागणी ही मोठ्या कंपन्यांची हौस आहे, असे म्हणायची सोय राहत नाही. पाहुण्यांचे वायफाय, सीसीटीव्हीचे कॅमेरे, लेखा विभाग आणि रुग्णांच्या नोंदी ही चार जाळी वेगळीच असली पाहिजेत. म्हणजे व्हीलॅन टाळता येत नाहीत. मग ते बिघडतात कसे, हे समजून घेणे भाग आहे.

ते बिघडतात, कारण प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांना एकच गोष्ट तंतोतंत सारखी सांगितलेली असावी लागते आणि ती सांगणारी माणसे, वेळा व निमित्ते वेगवेगळी असतात. समजा, एका महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर नवी प्रयोगशाळा झाली आणि तिला क्रमांक ३० दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचवर ३० तयार केला, तळमजल्याच्या मुख्य स्विचवरही केला. पहिल्या मजल्यावरून वाट जाते, तिथल्या स्विचवर करायचा राहिला. तिन्ही ठिकाणी दिवे हिरवे. प्रयोगशाळेतले संगणक एकमेकांशी बोलतात, बाहेर मात्र काही जात नाही. किंवा ३० सगळीकडे आहे, पण ट्रंकवरून जायची परवानगी असलेल्या क्रमांकांच्या यादीत तो नाही. ही यादी दुरुस्त करताना होणारी एक चूक या धंद्यात कुप्रसिद्ध आहे. सिस्को या कंपनीच्या स्विचवर यादीत नवा क्रमांक घालण्याच्या आज्ञेत ‘अ‍ॅड’ हा शब्द लागतो. तो विसरला तर नवा क्रमांक जुन्या यादीत मिळवला जात नाही, जुनी यादीच पुसून तिच्या जागी बसतो. मग नवी प्रयोगशाळा सुरू होते आणि बाकीची इमारत बंद पडते. स्विच कुरकुर करत नाही, कारण त्याच्या लेखी हुकूम अगदी वैध आहे. त्यात ज्या दुव्यावरून आपण त्या स्विचपर्यंत पोहोचलो होतो त्याचीच वाट बंद झाली असेल, तर चूक सुधारायला जिना चढून जाण्यावाचून गत्यंतर नसते.

याहून फसवा प्रकार नेटिव्ह व्हीलॅनचा. ट्रंकवर टॅग नसलेली फ्रेम आली तर ती कोणत्या जाळ्याची मानायची, हे दोन्ही टोकांना सांगून ठेवावे लागते. एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला ९९ असे असेल, तर १मधून निघालेली वाहतूक पलीकडे ९९मध्ये उतरते. काही चालते, काही चालत नाही, आणि जे चालते ते चालायला नको होते. दोन्ही स्विच सिस्कोचे असतील तर ते आपल्या खासगी संवादातून हा विसंवाद ओळखतात आणि लॉगमध्ये इशारा लिहितात, अर्थात तो लॉग कोणी वाचत असेल तर. कंपन्या वेगळ्या असतील तर त्या इशाऱ्याचीही खात्री नाही. आपल्याकडे स्विच दर वेळी सर्वांत कमी दराच्या निविदेतून येतात, त्यामुळे एकाच इमारतीत तीन कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडलेली दिसली तर नवल नाही. सिस्कोत ज्याला ट्रंक म्हणतात, तोच शब्द एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचवर अनेक केबल एकत्र बांधण्यासाठी वापरलेला असतो. एका कंपनीवर हात बसलेला माणूस दुसरीच्या स्विचवर चुकतो, यात त्याचा दोष फार थोडा. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट हा तर रोजचा दाखला. कर्मचाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे अशी दोन वायफाय जाळी त्यावर असतात, म्हणून त्याला ट्रंक लागतो. कोणीतरी तो साध्या पोर्टला लावतो आणि एक वायफाय चालते, दुसऱ्याला फोन जोडला जातो पण इंटरनेट येत नाही. मग अ‍ॅक्सेस पॉइंट खराब असल्याचा निष्कर्ष निघतो आणि तो वॉरंटीत परत पाठवला जातो.

अशा बिघाडाचा माग काढण्याची पद्धत चांगली मळलेली आहे आणि तीत गूढ काही नाही. आधी व्याप्ती बघायची. एक संगणक बंद आहे, एक मजला, की वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरलेला एकच विभाग? विभागच्या विभाग बंद असेल तर संशय व्हीलॅनवर जातो. मग संगणकाला मिळालेला आयपी पत्ता बघायचा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत त्याची हाक पोहोचलेलीच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. पत्ता दुसऱ्याच विभागाचा असेल तर पोर्ट चुकीच्या जाळ्यात गेला आहे. पत्ता बरोबर आहे, शेजारच्या संगणकाला पिंग, म्हणजे चाचणीची हाक, जाते, पण गेटवेला, म्हणजे त्या जाळ्यातून बाहेर पडायच्या दाराला, जात नाही, तर दोष वाटेतल्या ट्रंकमध्ये किंवा गेटवेच्या त्या जाळ्यातल्या पत्त्यात. गेटवेही उत्तर देतो पण दुसरा विभाग देत नाही, तर व्हीलॅन सोडून राउटिंगकडे किंवा फायरवॉलकडे वळायचे. शेवटी सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे मॅक पत्त्यांचा, म्हणजे यंत्रांच्या हार्डवेअर पत्त्यांचा, तक्ता. कोणता संगणक कोणत्या जाळ्यात, कोणत्या पोर्टवर दिसला, हे प्रत्येक स्विच त्यात लिहून ठेवतो. संगणकापासून एकेक स्विच पुढे जात तक्ते बघायचे. ज्या स्विचवर तो पत्ता शेवटचा दिसतो आणि ज्या पुढच्यावर दिसत नाही, त्या दोहोंमधल्या दुव्यात गडबड आहे. जाणत्या माणसाला इथवर यायला फार वेळ लागत नाही.

वेळ जातो तो पुढे. स्विच आता काय चालू आहे ते सांगतो. काय असायला हवे होते, हे तो सांगू शकत नाही. पोर्ट क्रमांक १४ जाळे २०मध्ये आहे, हे पडद्यावर दिसते. तो २०मध्ये मुद्दाम ठेवला आहे की चुकून गेला? ट्रंकच्या यादीत ४० नाही. तो घालायचा राहिला की कॅमेऱ्यांची वाहतूक या मजल्यावर येऊ नये म्हणून कोणी विचारपूर्वक काढला? पन्नास क्रमांकाचे जाळे तयार आहे, त्याला नाव नाही, त्यावर दोन पोर्ट आहेत; ते कोणाचे? यांची उत्तरे कोणत्याही आज्ञेने मिळत नाहीत. ती ज्याने जाळे उभारले त्याच्या डोक्यात असतात, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलेला असतो. मग अंदाज सुरू होतो. नवा माणूस ४० यादीत घालून बघतो, काम होते, तो निघून जातो. कॅमेऱ्यांचे जाळे मात्र उघडे पडलेले असते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. बिघाड दुरुस्त करण्यासाठी बरोबर आणि चूक यांतला फरक ठाऊक असावा लागतो. तो फरक लिहिलेला नसेल, तर तपासणी कितीही शिस्तीत केली तरी तिचा शेवट अंदाजातच होतो. मी याला नोंदीचा बिघाड म्हणतो ते यासाठी.

रिस्टार्टने पुष्कळदा चालू होते, त्याचे काय, असे कोणी विचारेल. होते कधीकधी, एखादी प्रक्रिया अडकलेली असली तर सुटते. पण संरचनेतला दोष रिस्टार्टने जात नाही, उलट दोन गोष्टी गमावल्या जातात. पहिली म्हणजे पुरावा. अनेक स्विचांचा लॉग तात्पुरत्या मेमरीत असतो. वीज गेली की त्यातले इशारे गेले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सिस्को आणि इतर अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये संरचनेच्या दोन प्रती असतात, एक चालू असलेली आणि एक साठवलेली. बदल केला की तो चालू प्रतीत लगेच लागू होतो. साठवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती विसरली तरी महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. मार्चमध्ये केलेला बदल जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज जाऊन यूपीएसची बॅटरी संपली की पुसला जातो, आणि ‘कोणी काही केले नाही, आपोआप बंद पडले’ अशी तक्रार येते. आपोआप काही झालेले नसते. झालेला बदल कुठेच लिहिलेला नव्हता, स्विचमध्येही नाही आणि कागदावरही नाही. नवा किंवा अडगळीतला स्विच आणून लावण्याचा उपायही निर्धोक नाही. सिस्कोच्या व्हीटीपी या सोयीत एका स्विचवरची व्हीलॅनची यादी इतरांवर आपोआप जाते आणि जिचा आवृत्ती क्रमांक मोठा ती यादी खरी मानली जाते. जुन्या दोन आवृत्त्यांत याचा अर्थ असा की त्याच डोमेनचे नाव आणि पासवर्ड असलेला, पण मोठा क्रमांक बाळगणारा जुना स्विच जोडला, तर त्याच्यावरची कालबाह्य यादी चालू जाळ्यावर पसरते आणि जे क्रमांक तीत नाहीत त्यांचे पोर्ट निकामी होतात. म्हणून अनुभवी लोक ही सोय बंद ठेवतात. पण ती बंद ठेवली आहे का, आणि कुठे ठेवलेली नाही, हेही परत नोंदीतच शोधावे लागते.

नोंद आणि नियमन नसले की काय होते, याचे सर्वांत प्रामाणिकपणे सांगितलेले उदाहरण बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचे आहे. १९९६मध्ये दोन रुग्णालये एकत्र येऊन ही संस्था झाली. गरज पडेल तसा एकेक स्विच जोडत तिचे जाळे वाढत गेले. स्विचांची वर्तुळे होऊन फ्रेम अनंतकाळ फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. राडिया पर्लमन यांनी ती डीईसी कंपनीत असताना १९८५मध्ये रचली. तिची प्रमाणित मूल्ये दोन टोकांमध्ये सातपर्यंतच स्विच गृहीत धरतात, आणि या रुग्णालयाचे जाळे ती मर्यादा ओलांडून गेले होते. नोव्हेंबर २००२मध्ये एका संशोधकाच्या कामातून प्रचंड माहिती जाळ्यात लोटली गेली आणि ही व्यवस्था कोसळली. सुमारे चार दिवस ते रुग्णालय कागदावर चालले. हा बिघाड थेट व्हीलॅनचा नव्हता, त्याच्या सख्ख्या भावंडाचा होता. तेव्हाचे तिथले माहिती अधिकारी जॉन हलामका यांनी तो झाकला नाही, जाहीरपणे मांडला. त्यांनी काढलेल्या धड्यांत नव्या यंत्रांचा मुद्दा आहेच. पण जाळ्याची सगळी माहिती एकाच माणसाकडे राहू देऊ नये, आणि कोणताही बदल ठरलेल्या मंजुरीशिवाय होऊ नये, हे दोन धडे यंत्रांशी संबंधित नाहीत. ते प्रशासनाचे आहेत. संगणक विभागाच्या प्रमुखाने अपयशाचे कारण प्रशासनात शोधावे, हे आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे.

भारतात नियम नाहीत असे नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी जी प्राथमिक चौकट घालून दिली, तीत संगणकीय मालमत्तेची यादी ठेवायला सांगितले आहे. अशा बँका महाराष्ट्रात मोठ्या संख्येने असल्यामुळे तिचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. लॉग आणि यादी दोन्ही आवश्यकच आहेत. पण लॉग घडून गेलेले सांगतो आणि यादी डबे मोजते. चौदा क्रमांकाचा पोर्ट कशासाठी, हे दोन्हींत नाही. जमिनीच्या बाबतीत मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे एवढे बघून खरेदीदार थांबत नाही. तो फेरफार काढतो, कोणत्या कारणाने नाव चढले, कोणी मंजूर केले, कोणाची हरकत होती, हे वाचतो. स्विचची संरचना हा सातबारा झाला. त्याचा फेरफार कोणीच ठेवत नाही, आणि म्हणून प्रत्येक वादात पहिल्यापासून मोजणी करावी लागते.

हा फेरफार न ठेवण्यात काहींचा फायदाही आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या पुरवठादाराने जाळे उभारले त्याच्याकडेच त्याची माहिती आणि कधीकधी स्विचचा पासवर्डही राहिला, तर पुढच्या वर्षीची एएमसी, म्हणजे देखभालीचे वार्षिक कंत्राट, आपसूक त्याच्याच पदरात पडते. संस्थेला वाटते आपण सेवा विकत घेतली. प्रत्यक्षात संस्थाच बांधली गेलेली असते. निविदेत पोर्ट किती, वेग किती, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळे काटेकोर लिहिलेले असते. काम झाल्यावर कोणते कागद हातात पडले पाहिजेत, याबद्दल एक मोघम ओळ असते किंवा तीही नसते. लेखापरीक्षक स्विचवरचा अनुक्रमांक बिलाशी ताडून बघतो आणि समाधानाने टिक करतो. जे बघायला हवे ते त्याच्या यादीतच नाही, मग त्याला तरी बोल कसा लावायचा?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की लिहिलेली नोंद शिळी होते, आणि शिळी नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा घातक. हे खरे आहे. नकाशात पोर्ट एकीकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे असेल तर तंत्रज्ञ भलत्याच दिशेला जातो. पण नोंद शिळी का होते? ती अद्ययावत ठेवण्यावर कोणाचे बिल किंवा सही अवलंबून नसते म्हणून. एएमसीच्या तिमाही बिलासोबत चालू संरचनेची प्रत आणि झालेल्या बदलांची कारणे जोडायची अट घातली, तर ती शिळी होणार नाही. यातला अर्धा भाग यंत्रही करू शकते. ऑक्सिडाइज्डसारखी मोफत मिळणारी मुक्त सॉफ्टवेअर प्रणाली ठरावीक वेळी प्रत्येक स्विचची संरचना उतरवून घेते आणि आधीच्या प्रतीपेक्षा कोणत्या ओळी बदलल्या ते दाखवते. काय बदलले आणि साधारण कधी, हे त्यातून मिळते. का बदलले, ही एक ओळ तेवढी माणसाने लिहायची.

मग सगळेच यंत्रावर का सोपवू नये, असे नव्या क्लाउड-नियंत्रित स्विचांचे विक्रेते म्हणतात. एका जागी बसून साचा ठरवायचा, तो सगळ्या स्विचांवर आपोआप जातो, दोन टोकांत विसंवाद राहतच नाही. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. दरसाल परवान्याचे पैसे भरायची तयारी मात्र ठेवावी. तरीही साचा कोणीतरी ठरवतो आणि त्यामागचा विचार लिहिला नसेल तर प्रश्न तसाच राहतो. फक्त चूक आता एका दुव्यापुरती न राहता सगळीकडे एकदम पोहोचते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर काही तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले होते. अशा आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी प्रणालीतच दोष निघाला आणि तिने ती जाऊ दिली. त्यातही वाईट असे की दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून होती, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. एवढी साधने हाताशी असलेल्या कंपनीवर ही वेळ येते, तर आपण जाळ्याचा नकाशा त्याच जाळ्यावरच्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवून निर्धास्त राहू नये. एक छापील प्रत हवीच. ती शत्रूच्या हाती लागेल ही भीती कुलपाच्या कपाटाने भागते. शिवाय जाळ्यात शिरलेला हल्लेखोर आपला नकाशा स्वतः तयार करतो, त्यासाठी त्याच्याकडे साधने असतात. नकाशावाचून अडते ते रात्री बोलावलेल्या आपल्याच माणसाचे.

राहिला खर्च. तीन स्विच असलेल्या शाळेला किंवा पतसंस्थेला जाळ्याचा तज्ज्ञ नेमता येत नाही, आणि नेमायची गरजही नाही. त्यांची नोंद दोन-चार पानांत मावते. प्रत्येक व्हीलॅनचा क्रमांक, नाव, आयपी पत्त्यांची मालिका आणि गेटवे. प्रत्येक ट्रंकची दोन्ही टोके, त्यावरून जाणारे क्रमांक आणि नेटिव्ह व्हीलॅन. कोणता पोर्ट कोणत्या खोलीतल्या कोणत्या सॉकेटला जातो. आणि शेवटी तारीख, बदल, कारण, सही अशा चार रकान्यांचे रिकामे पान. केबलच्या दोन्ही टोकांना तेच क्रमांक चिकटवलेले हवेत. स्विचचा पासवर्ड संस्थेच्या ताब्यात, बंद पाकिटात. जाळे उभारणाऱ्याला हे सगळे ठाऊकच असते. त्याने ते लिहून द्यायचे एवढाच वाढीव भार आहे, आणि तो निविदेत मागितला तर दरात फार फरक पडेल असे वाटत नाही.

आणि मागितलेले मिळाले की नाही, हे तपासायला अभियंता लागत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी, ज्याने जाळे उभारले तो सोडून दुसऱ्या कोणा तंत्रज्ञाला ती पाने द्यावीत आणि प्रयोगशाळेतला एक संगणक लेखा विभागाच्या जाळ्यात हलवायला सांगावे. त्याला कोणाला फोन करावा लागला तर पाने अपुरी आहेत. मग सगळ्या रॅकची वीज मुख्य बटणापासून तोडावी, पाच मिनिटांनी द्यावी आणि प्रत्येक विभागातून एकेक संगणक गेटवेपर्यंत पोहोचतो का ते बघावे. ज्या विभागाचा पोहोचत नाही, त्याचा बदल कोणीतरी साठवायचा विसरला आहे, आणि तोवर पुरवठादाराचा धनादेश टेबलाच्या खणातच राहू द्यावा.